कासेच्या त्वचेतील रक्तप्रवाह आणि थर्मल कॅमेरा

दुभत्या जनावराच्या अंगावरून हात फिरवून त्याची प्रकृती ओळखण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. कान गार लागले किंवा कास तापलेली लागली, म्हणजे जाणता पशुपालक सावध होतो. हाताला जे कळते तेच अधिक सूक्ष्मपणे, जनावरास स्पर्श न करता दाखविणारे साधन म्हणजे थर्मल कॅमेरा होय. मात्र त्याने दाखविलेल्या चित्राचा अर्थ लावताना त्वचेतील रक्तप्रवाहाचे ज्ञान असणे आवश्यक आहे.

कॅमेरा काय पाहतो

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाच्या मानाने अवरक्त किरण बाहेर टाकीत असते. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली इंग्लंडमध्ये सूर्याच्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवून त्यांचे अस्तित्व दाखविले. थर्मल कॅमेरा हे किरण टिपून पृष्ठभागाच्या तापमानाचे रंगीत चित्र तयार करतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कॅमेऱ्यास रक्त दिसत नाही; केवळ कातडीचे तापमान दिसते. निरोगी गाईच्या शरीराच्या आतील तापमान सुमारे ३८.५ अंश सेल्सिअस असते. ही उष्णता रक्ताबरोबर कातडीपर्यंत येते व तेथून हवेत निघून जाते. कातडीतील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावल्या म्हणजे कातडी तापते. त्या आकुंचित झाल्या म्हणजे ती गार पडते. यावरून रक्तप्रवाहाचे अनुमान करता येते. परंतु ते अनुमानच होय, प्रत्यक्ष मापन नव्हे.

तापलेली कास व गार पडलेली कास

एक लिटर दूध तयार होण्यासाठी कासेतून सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त वाहावे लागते. त्यामुळे कासेच्या रक्तप्रवाहातील बिघाड पुष्कळदा कातडीवर उमटतो. कासदाह झाला म्हणजे रोगट भागाकडे रक्ताचा ओघ वाढतो व तो भाग शेजारच्या भागापेक्षा गरम दिसतो.

याच्या उलट स्थिती अधिक भयंकर असते. कासदाह विकोपास जाऊन कासेचा भाग सडू लागला म्हणजे तेथील रक्तप्रवाह बंद पडतो. प्रथम तापलेला भाग गार होतो, निळसर-काळा पडतो व निरोगी भागापासून स्पष्ट रेषेने वेगळा दिसतो. कास निवली म्हणून जनावर बरे झाले, असा समज अशा वेळी होऊ शकतो. तो समज जनावराच्या जिवावर बेततो. ताप उतरून जनावर चारा खाऊ लागणे व कास मऊ होणे ही सुधारणेची चिन्हे होत. जनावर मलूल असताना कास गार पडणे हे नव्हे. अशा जनावरास क्षणाचाही विलंब न लावता पशुवैद्यास दाखवावे.

चित्र घेताना घ्यावयाची काळजी

१. जनावर सावलीत बांधलेले असावे. उन्हातून आलेल्या जनावराची, विशेषतः काळ्या कातडीच्या म्हशीची, त्वचा रक्तप्रवाह न वाढताही तापलेली असते.

२. कास स्वच्छ व कोरडी असावी. ओल्या कातडीवरील पाण्याची वाफ होताना ती निवते. शेणाचा थर किंवा दाट केस असल्यास खरे तापमान झाकले जाते.

३. बसलेले जनावर उठताच चित्र घेऊ नये. ज्या अंगावर ते बसले असेल ते अंग काही काळ गरम राहते.

४. चित्र रोज एकाच वेळी, एकाच अंतरावरून व धार काढण्यापूर्वीच घ्यावे.

५. पुढील डाव्या भागाची तुलना पुढील उजव्या भागाशी व मागील भागाची मागील भागाशी करावी. मागील भाग मांड्यांना टेकत असल्याने त्याचे तापमान मुळातच निराळे असू शकते.

तुलनेचा आग्रह धरण्याचे कारण असे की, बहुतेक साध्या थर्मल कॅमेऱ्यांनी दाखविलेल्या आकड्यात दोन अंशांपर्यंत चूक संभवते. मात्र एकाच चित्रातील दोन जागांमधील एका अंशाच्या दहाव्या भागाएवढा फरकही ते दाखवू शकतात. म्हणून एकट्या आकड्यावर विसंबू नये. पोटाच्या बाबतीत मात्र डाव्या-उजव्या बाजूंची तुलना फसवी ठरते. डाव्या कुशीत मोठे पोट असून तेथे चारा आंबत असल्याने ती बाजू स्वभावतःच अधिक गरम असते.

कॅमेऱ्याच्या मर्यादा

गरम भाग दिसला म्हणजे रोगाचे निदान झाले असे नव्हे. कोणत्या जंतूंमुळे कासदाह झाला हे चित्रावरून कळत नाही, व सुप्त कासदाह चित्रात दिसेलच असेही नाही. त्यासाठी दुधाचीच परीक्षा करावी लागते. शाल्म व नूरलँडर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेली कॅलिफोर्निया कासदाह चाचणी याकरिता सोपी आहे. चारही सडांचे दूध चार वाट्यांच्या तबकात निरनिराळे घेऊन त्यात तितकेच परीक्षाद्रव्य मिसळावे व तबक गोल फिरवावे. ज्या वाटीतील दूध घट्ट व बुळबुळीत होईल त्या सडाच्या भागात दोष आहे असे समजावे.

हे यंत्र प्रत्येक शेतकऱ्याने विकत घेण्याची आवश्यकता नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा मोठ्या गोठ्यात त्याचा उपयोग होऊ शकेल. ज्यांच्याकडे ते नाही, त्यांनी रोज धार काढण्यापूर्वी चारही भागांवरून तळहात फिरवून पाहावा व पहिल्या धारा काळ्या कापडावर काढून गाठी दिसतात काय ते तपासावे. एखादा भाग इतरांहून गरम लागो वा गार लागो, दोन्ही प्रसंगी दवाखाना गाठावा. व गार लागल्यास अधिक त्वरेने गाठावा.