पखवाज दहा फुटांचा करू नकोस

लेकरा, संगणकातले टाळ-पखवाज लावून तू अभंग बसवतोस, सूर-ताल चोख असतात. तरी आपल्या शिरूर अनंतपाळचा सप्ताह डोळ्यांपुढे उभा राहत नाही. वाद्यं एका मंडपात बसलेलीच नाहीत ना! म्हणून आधी जागा ठरव. कीर्तनात बुवा कुठे, मृदंगी कुठे, टाळकरी किती मागे, हे कागदावर काढ आणि वाद्यं तशीच मांड. मुख्य गाणारा मधोमध.

पखवाजाकडे नीट लक्ष दे. कित्येक तयार आवाजांत धूम एका कानाच्या टोकाला अन् शाई दुसऱ्या टोकाला असते. असा पखवाज ऐकणाऱ्याला दहा फूट रुंद वाटतो. खरी तोंडं दोन-अडीच फुटांवर. दोन्ही बाजू जवळ ओढ. मृदंगी उजवा असेल तर कणीक लावलेली धूम त्याच्या डाव्या हाताला, म्हणजे समोर बसलेल्याच्या उजवीकडे येते. तेही पाळ. आणि प्रत्येक 'धा' हुबेहूब सारखा वाजू देऊ नकोस, माणसाचा हात तसा पडत नाही.

टाळ मात्र खरेच घे. गावात टाळकऱ्यांना काय तोटा? एकाच टाळाची नक्कल डावी-उजवीकडे ठेवलीस तर आवाज मधेच येऊन बसतो. नक्कल जराशी मागे सरकवून पसरट केलीस, तर मोबाईलच्या एकाच स्पीकरवर दोन्ही आवाज मिसळून तो पोकळ होतो. त्यापेक्षा दोघांकडून वेगवेगळं वाजवून घे, एक डावीकडे, एक उजवीकडे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे फुटामागे जवळजवळ एक मिलिसेकंद. दहा फूट मागचा टाळ तेवढा उशिरा येणारच. तो ओढून रेघेवर बसवू नकोस, खोली त्यातूनच कळते.

घुमारा सगळ्यांना एकाच जागेचा. मागच्यांना जास्त, पुढच्यांना कमी.

सगळी मंडळी एकदम मुद्रित करायची असतील तर फ्रेंच रेडिओची रीत धर: समोर दोन सारखे कार्डिऑईड माईक, मधे 17 सेंटिमीटर, कोन 110 अंश. एवढंच अंतर साधारण आपल्या दोन कानांत असतं. उंची अन् जागा कानानं ठरव, मुद्रण सुरू करण्याआधी स्वतः तिथं उभा राहून ऐक.

शेवटी हेडफोन काढ आणि साध्या मोबाईलवर लाव. आपल्याकडची बहुतेक माणसं त्यावरच ऐकतात. तिथं शब्द स्पष्ट आले आणि टाळ गायब झाले नाहीत, तरच गाणं बाहेर पाठव.