हिशेब आणि विश्वास
(तरुणसंघासाठी पाठ)

वाचन : 2 करिंथ 8:16-21

यरुशलेमेतील गरीब बांधवांसाठी मासेदोनिया व अखया येथील मंडळ्यांनी वर्गणी जमविली. ती नेण्याच्या कामी पौलाबरोबर जाण्यास मंडळ्यांनी एक बंधू निवडून दिला. पौल प्रेषित होता. तरी आपल्या शब्दावर लोकांनी भिस्त ठेवावी, एवढ्यावर त्याने भागविले नाही. देवापुढे चोख असलेला व्यवहार माणसांपुढेही चोख दिसावा, अशी त्याने काळजी घेतली.

गावासही हाच नियम लागू आहे. 1993 साली अमलात आलेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेस राज्यघटनेत स्थान मिळाले. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो तिचा सभासद. आणि 1989 पासून मतदानाचे वय 21 ऐवजी 18 वर्षे आहे. ग्रामपंचायतीने मागील वर्षाचा जमाखर्च ह्या सभेपुढे मांडावा, असा महाराष्ट्रात कायदा आहे. परंतु ऐकावयास कोणी नसेल, तर मांडून काय उपयोग? मग पारावर कुजबूज चालते आणि प्रामाणिक सरपंचही चोर ठरतो.

तरी तरुणांनो, यादीत नाव नोंदवा, सभेस जा, विहिरीचा व रस्त्याचा खर्च नम्रपणे विचारा. हिशेब विचारणे हा अपमान नव्हे. त्याने देणाऱ्याचेही नाव राखले जाते. मात्र प्रथम आपल्या संघाची वही सर्वांस उघडी असावी. नाहीतर पंचायतीस कोणत्या तोंडाने विचारावे?

प्रश्न :
1. पौलाने वर्गणी एकट्याने का नेली नाही?
2. आपल्या उपासनेतील दान किती जणांदेखत मोजले जाते?
3. गेल्या ग्रामसभेस आपल्यापैकी कोण हजर होते?