विजयेच्या थेंबांचा जमाखर्च

जिल्हा कोषागारात चौतीस वर्षे सरकारी पैशाची रोजकीर्द आणि खतावणी मी सांभाळली. एका रुपयाचा फरक आला तर तो सापडेपर्यंत दफ्तर बंद करायचे नाही, हा आमच्या अव्वल कारकुनांनी घालून दिलेला शिरस्ता मी निवृत्तीच्या दिवसापर्यंत पाळला. तोच मी निवृत्तीनंतर एका औषधावर आठ महिने खर्च करीत राहिलो, आणि त्यांतील पहिल्या काही महिन्यांच्या खर्चाचे एकही कलम कागदावर मांडले नाही. त्या हलगर्जीची जी किंमत मला मोजावी लागली, तिच्यातील पैशाचा भाग लहान होता. हे लिहिण्याचे प्रयोजन एवढेच की, वेदनेने गांजलेला माणूस ज्या वाटेने जातो ती वाट मी चाललो आहे, आणि तिच्यावरचे खड्डे मला ठाऊक आहेत.

2023 च्या पावसाळ्यात माझ्या छातीच्या डाव्या बाजूस नागीण उठली. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी आयुष्यभर दबा धरून बसतो आणि वार्धक्यात, शरीराची प्रतिकारशक्ती उतरली म्हणजे, त्याच मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो, हे मला तेव्हा माहीत नव्हते. माहीत होते ते एवढेच की नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले म्हणजे माणूस वाचत नाही. ती समजूत निराधार आहे, परंतु तिच्या धास्तीने मी पहिले चार दिवस गेरूच्या लेपात आणि एका जाणत्याच्या उंबऱ्यावर घालवले. विषाणुरोधक गोळ्या पुरळ उठल्यापासून बहात्तर तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा गुण सर्वांत चांगला येतो. मी दवाखान्यात पोहोचलो तो पाचव्या दिवशी. फोड तीन आठवड्यांत वाळले, आग मात्र राहिली. सदऱ्याचा स्पर्श झाला तरी निखारा ठेवल्यासारखे होई, आणि रात्री पंख्याच्या वाऱ्याचीही भीती वाटे. पन्नाशी उलटलेल्यांसाठी या रोगावरची दोन मात्रांची लस 2023 पासून आपल्या देशात मिळते. ती महाग आहे हे खरे, तथापि पुढे जो खर्च सांगणार आहे तो वाचून ज्याने त्याने तुलना करावी.

डॉक्टरांनी गॅबापेंटिन दिले, त्याने आग निम्म्यावर आली आणि तेथेच थांबली. सकाळच्या फिरण्यातील एका स्नेह्यांनी, गुडघ्याच्या दुखण्यावर आपणांस भांगेच्या तेलाने उतार पडल्याचे सांगितले, आणि सांगताना आवाज उतरवून, दोन्ही बाजूंस पाहून सांगितले. त्या उतरवलेल्या आवाजातच पुढील सर्व अनर्थाचे बीज होते असे आता वाटते. ज्या वनस्पतीचे नाव घरात गांजेकसांच्या संदर्भातच ऐकले, तिच्याविषयी डॉक्टरांना विचारण्याची मला लाज वाटली, पत्नीला सांगण्याची लाज वाटली आणि औषधाच्या दुकानात उभे राहण्याचीही लाज वाटली. ज्या गोष्टीची लाज वाटते तिची चौकशी माणूस करीत नाही. आणि चौकशीवाचून घेतलेला जिन्नस योग्य भावात आणि योग्य प्रमाणात मिळणे हा केवळ योगायोग.

तो योगायोग माझ्या वाट्यास आला नाही. घरपोच मागवलेली पहिली बाटली अडीचशे मिलिलिटरची होती, तिला 650 रुपये पडले, आणि दीड महिना रोज एक चमचा घेऊनही काडीचा फरक पडला नाही. कारण ते बियांचे तेल होते. भांगेच्या बियांचे तेल हे खाद्यतेल होय. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2021 साली या बिया व त्यांचे तेल अन्न म्हणून विकण्यास मान्यता दिली ती त्यांत मादक द्रव्य जवळजवळ नसते म्हणूनच. ज्यांच्यासाठी औषधी तेल घ्यावयाचे ती टीएचसी (हेच ते मादक द्रव्य) आणि सीबीडी ही द्रव्ये बियांत जवळजवळ नसतात. ती फुलोऱ्याच्या आणि पानांच्या सूक्ष्म ग्रंथींत असतात. दोन्ही बाटल्यांवर पान तेच हिरवे, अक्षरे सारखीच मोठी. भेद बारीक अक्षरांत असतो आणि तो चष्मा लावून वाचावा लागतो.

आपल्याकडे ही वनस्पती नवखी नाही. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ती विजया आणि भंगा या नावांनी येते, आणि जातीफलादि चूर्णासारख्या परिचित कल्पात ती आजही असते. 1839 च्या सुमारास कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात ओशॉनेसी या डॉक्टराने संधिवात आणि धनुर्वात यांच्या रोग्यांवर तिचे प्रयोग केले आणि पाश्चात्त्य वैद्यकाला तिची ओळख करून दिली. इस्रायलमध्ये रफाएल मेशुलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 साली टीएचसी शुद्ध रूपात वेगळे काढले. कायद्याची गोष्ट अशी की 1985 च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने गांजा म्हणजे फुलोरा, आणि चरस म्हणजे राळ, यांवर बंदी घातली. परंतु फुलोऱ्यावाचून असलेली पाने आणि बिया गांजाच्या व्याख्येतून वगळल्या. या फटीतूनच पानांच्या अर्काचे तेल आयुर्वेदीय औषध म्हणून, परवानाधारक कारखान्यातून आणि नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीवर मिळते. 1940 च्या औषधविषयक कायद्याखालील ‘ई-1’ या परिशिष्टात भांगेची गणना विषारी द्रव्यांत आहे, आणि म्हणून ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. ही सूचना मी दुसऱ्या बाटलीवर पाहिली होती. तिच्याकडे मी दुर्लक्ष केले.

दुसरी बाटली दहा मिलिलिटरची, किंमत 1,900 रुपये. एका वैद्याने दूरध्वनीवर पाच मिनिटे बोलून चिठ्ठी दिली. त्याने इतर औषधे विचारली नाहीत आणि मीही सांगितली नाहीत. पहिल्या रात्री पाच थेंब घेतले, अर्ध्या तासात काही जाणवेना म्हणून आणखी पाच घेतले. पोटात गेलेल्या या तेलाचा परिणाम सुरू व्हायलाच पाऊण ते दोन तास लागतात, त्याचा जोर त्यानंतर चढतो आणि तो कित्येक तास टिकतो. स्निग्ध जेवणाबरोबर घेतल्यास ते अधिक शोषले जाते. आमच्याकडे त्या दिवशी पुरणपोळी होती. मध्यरात्री मी लघवीस उठलो तेव्हा फरशी पायांखालून सरकत होती, छाती धडधडत होती, आणि दाराची कडी हाताला सापडेना. पडलो नाही हे दैव. माझ्या वयात मांडीचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना सांगावयास नको.

या रात्रीनंतर शहाणा माणूस थांबला असता. मी थेंब कमी केले आणि तेल चालू ठेवले, कारण झोप लागू लागली होती. सहा आठवड्यांनी दात घासताना हिरड्यांतून रक्त आले, दंडावर न लागता काळेनिळे डाग उमटले, आणि पत्नीने ते पाहून विचारले, “अहो, हे कशाने? कुठे पडलात का?” हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी मी सात वर्षे वॉरफॅरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतो. तिच्या परिणामाचे मोजमाप करणारी आय. एन. आर. नावाची तपासणी माझ्या बाबतीत दोन ते तीन यांच्या दरम्यान असावी लागते. त्या दिवशी ती 5.4 आली. तेलातील द्रव्ये यकृतातील ज्या विकरांच्या कामात अडथळा आणतात, त्यांतील काही वॉरफॅरिनचेही विघटन करतात. म्हणजे मी गोळी तेवढीच घेत होतो, परंतु ती शरीरात साचत होती. डॉक्टरांनी गोळी थांबवली, दर दोन दिवसांनी रक्त तपासले, आणि सर्व स्थिरस्थावर झाल्यावर शांतपणे म्हणाले, “काका, भांग घेतलीत याचा मला राग नाही. तीस वर्षांच्या ओळखीत हे मला सांगितलं नाहीत, याचा आहे.” ते वाक्य मला आय. एन. आर.च्या आकड्यापेक्षा अधिक लागले.

म्हणून या लेखातील पहिली विनंती ही की, जे डॉक्टर तुमचा रक्तदाब, मधुमेह, हृदय किंवा फिट्स यांवर उपचार करतात, त्यांच्यापुढे बाटली नेऊन ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, फिट्सवरची क्लोबाझाम, झोपेची व गुंगीची औषधे यांच्याशी या तेलाचा संबंध येतो. ज्यांच्या घरात मनोविकाराचा इतिहास आहे किंवा ज्यांचे हृदय दुबळे आहे, त्यांनी टीएचसी असलेल्या तेलापासून दूरच राहावे, आणि ते घेऊन वाहन कोणीही चालवू नये.

डॉक्टरांनी माझ्यावर दार बंद केले नाही. जगभरातील वेदनातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2021 साली, वेदनेसाठी या द्रव्यांच्या सर्वसाधारण वापराचा पुरस्कार करण्याइतका पुरावा नाही असे जाहीर केले आहे, हे त्यांनी मला सांगितले. तरीही दर आठवड्यास रक्त तपासून, आठ आठवड्यांची मुदत घालून, लिहून ठेवीत एकदा पाहू, असे ते म्हणाले. मग मी जुनी लाल पाठीची वही काढली.

हिशेब मांडताना पहिला शोध लागला तो असा की, बाटलीवरचा ‘अर्क 500 मिलिग्रॅम’ हा आकडा कामाचा नाही. अर्कात मेण, हरितद्रव्य आणि इतर पुष्कळ काही असते. कामाचा आकडा टीएचसी आणि सीबीडी यांच्या मिलिग्रॅमचा, आणि तो त्या खेपेच्या प्रयोगशाळेतील तपासणी-अहवालात मिळतो. अहवाल मागितल्यावर जो विक्रेता टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नये. माझ्या 1,900 रुपयांच्या बाटलीत ही द्रव्ये मिळून 300 मिलिग्रॅम होती, म्हणजे मिलिग्रॅमला सहा रुपये तेहतीस पैसे पडले. दुसऱ्या कारखान्याची तीस मिलिलिटरची बाटली 4,800 रुपयांची, म्हणून मी ती महाग समजून बाजूला ठेवली होती, परंतु तिच्यात 1,200 मिलिग्रॅम होती, म्हणजे मिलिग्रॅमला चारच रुपये. डॉक्टरांनी ठरवलेल्या रोजच्या वीस मिलिग्रॅमला लहान बाटलीचा महिन्याचा खर्च 3,800 आणि मोठीचा 2,400 होतो. मात्र मोठी बाटली पहिल्यांदाच घेऊ नये. तेल सोसत नाही असे आठवड्याने कळले तर उरलेले वाया जाते. लहान बाटलीचा जास्तीचा दर हा चाचणीचा खर्च समजावा.

दुसरा शोध थेंबांचा. एका मिलिलिटरचे वीस थेंब असे सर्वत्र धरतात. माझ्या बाटलीच्या नळीने मी मोजले तेव्हा अठ्ठावीस भरले. तेव्हापासून मी सुईवाचूनच्या एक मिलिलिटरच्या सिरिंजने मोजून घेऊ लागलो.

वहीत रोज चार रकाने होते: मात्रा आणि वेळ, वेदना शून्य ते दहा यांतील किती, झोप किती तास, आणि खर्च. याच काळात टोरांटोहून मुलगा म्हणाला, “बाबा, इकडे हे दुकानात उघड मिळतं, येताना घेऊन येतो.” कॅनडात 2018 पासून ते कायदेशीर आहे हे खरे; परंतु आपल्या सरहद्दीवर ती आयात ठरते आणि तो गंभीर गुन्हा होय. मी त्याला निक्षून नको म्हटले. एका परिचिताने डोंगराकडच्या मुलखातून आणलेले बिनलेबलाचे काळे तेल चौथ्या हिश्श्याच्या किमतीत देऊ केले. काळे, चिकट आणि बिनलेबलाचे तेल म्हणजे बहुधा राळेचेच. आणि शंभर ग्रॅमपर्यंतचे चरस कायद्याच्या लेखी ‘अल्प’ असले तरी त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी आहे. तुरुंगाची गोष्ट बाजूस ठेवली तरी, ज्यात काय किती आहे हे ठाऊक नाही त्या तेलाचा मिलिग्रॅमचा भाव काढताच येत नाही. मग ते स्वस्त कशावरून?

आठ आठवड्यांनी वहीची बेरीज केली. वेदनेची सरासरी सहावरून साडेपाचवर आली होती, झोप पाऊण तासाने वाढली होती, आणि तेल व रक्ततपासण्या मिळून खर्च 7,000 च्या वर गेला होता. डॉक्टरांनी तेल थांबवून गॅबापेंटिनची मात्रा हळूहळू वाढवली. जनऔषधी केंद्रातून ती गोळी मला बाजारभावाच्या बऱ्याच खाली मिळते, आणि वेदना आता चारवर आहे. माझ्या त्या स्नेह्यांचा गुडघा तेलानेच बरा राहिला असेल. मी त्यांच्या अनुभवास खोटे म्हणत नाही, माझ्या वहीतील आकडे एवढेच सांगतात की माझ्यासाठी ते नव्हते.

कर्करोगाच्या वेदनेसाठी पै-पै जमवून हे तेल घेणारी कुटुंबे मला दवाखान्याच्या बाकावर भेटली, त्यांच्यासाठी एक गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते. तोंडाने घ्यावयाचे मॉर्फीन हे त्या वेदनेवरचे खात्रीचे आणि अल्पमोली औषध आहे, आणि 2014 साली अंमली पदार्थांचा कायदा दुरुस्त झाल्यापासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणे सुलभ झाले आहे. परळच्या टाटा रुग्णालयात आणि इतरही ठिकाणी उपशामक उपचारांचे विभाग आहेत, तेथे विचारा.

मागच्या आठवड्यात फिरताना ते स्नेही पुन्हा भेटले. मी त्यांना चालू आवाजात विचारले की, “तुमच्या डॉक्टरांना तेलाचं सांगितलंत का?” त्यांनी सवयीने मागे पाहिले, थोडा वेळ काही बोलले नाहीत, आणि मग आपल्या गोळ्यांची यादी माझ्या वहीतल्यासारखी लिहून द्याल का, असे विचारले. आम्ही कट्ट्यावर बसलो आणि रकाने आखले.