'सर्कल' शब्दाचे अर्थ

भूमितींत 'सर्कल' म्हणजे वर्तुळ, एवढें आम्ही प्रथम शिकलों. परंतु आमच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत हा शब्द इतर अर्थांनींही भेटतो.

महसूल खात्यांत 'सर्कल' म्हणजे मंडळ. कांहीं तलाठ्यांच्या कामावर देखरेख करणारा तो मंडळ अधिकारी. लोक त्यासच 'सर्कल' म्हणतात. वनखात्यांत मात्र 'सर्कल' म्हणजे वनवृत्त. भामरागड व सिरोंचा हे वनविभाग गडचिरोली वनवृत्तांत मोडतात. नकाशावर पाहावें, तर यांतील कोणताही प्रदेश वाटोळा नाहीं!

मित्रांचें 'सर्कल' तें मित्रमंडळ. पण संकटांतून संकट उपजविणारें 'सर्कल' तें दुष्टचक्र. आपला 'वृत्त' शब्दही तसाच: वर्तुळ, बातमी व कवितेचें वृत्त, असे त्याचे तीन अर्थ.

हा केवळ परीक्षेचा प्रश्न नव्हे. शेताच्या फेरफाराची नोंद मंडळ अधिकारी प्रमाणित करितो. जंगलाचा कारभार वनखातें पाहतें. 'सर्कलकडे जा' एवढेंच ऐकून दूरच्या गांवचा शेतकरी भलत्याच कचेरींत गेला, तर त्याची खेप व दिवसाची मजुरी व्यर्थ जाते. म्हणून अर्थ कोशांत शोधावा, पण त्याचा निश्चय वाक्यावरूनच करावा.