वाढते कुटुंब, मोठी गाडी

१९८३ साली मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गीय कुटुंबाला स्वतःच्या मोटारीचे स्वप्न पाहता येऊ लागले. तिच्यात चौघे नीट बसत. धाकटे मूल आईच्या मांडीवर असे. ही जागा मायेची खरी, पण सुरक्षित कधीच नव्हती. गाडी एकाएकी थांबली तरी मूल मूळच्याच वेगाने पुढे फेकले जाते आणि आईच्या हातांना ते आवरत नाही. १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसल्यास १,००० रुपये दंड, अशी तरतूद २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने केली.

दुसरे अपत्य झाले, आजी-आजोबा सोबत राहू लागले, की पाच आसने अपुरी पडतात. मग २००५ मध्ये आलेली इनोव्हा किंवा २०१२ मधील एर्टिगा यांसारख्या तीन रांगांच्या गाड्यांकडे लक्ष जाते. मात्र 'सात आसने' हा आकडा फसवा असतो. तिसरी रांग उघडली की मागे सामानाला जेमतेम जागा उरते. सामान छतावर बांधले, तर गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो व वळणावर तोल जाण्याचा धोका वाढतो. शिवाय गुडघे दुखणाऱ्या आजीला त्या रांगेत शिरणे म्हणजे शिक्षाच! म्हणून गाडी पाहण्यास सारे कुटुंब न्यावे, प्रत्येकाला बसवून पाहावे, आणि मधल्या आसनालाही खांद्यावरून येणारा पट्टा आहे ना, हे स्वतः ओढून तपासावे. रंगाची निवड मागाहून करता येते.