विमा व्यवसाय : शेतकऱ्याच्या मुलामुलींसाठी एक वाट



ऊस नोंदीसाठी गटात फिरताना हल्ली एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, पोरगं बी.कॉम. झालंय, कारखान्यात कुठं चिकटतंय का बघा." वाटण्या होऊन जमीन दीड-दोन एकरांवर आली आणि कारखान्यातील जागा तर मोजक्याच. म्हणून या वेळी बेणे-खताचा विषय बाजूला ठेवून विमा धंद्यातील कामाची माहिती देत आहे.

हा धंदा आपल्याला परका नाही. सन १९१३ साली अण्णासाहेब चिरमुले यांनी साताऱ्यात वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी काढली. पुढे १९५६ साली चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. १९९९ च्या कायद्यानंतर खाजगी कंपन्यांना पुन्हा वाट मिळाली. त्यामुळे आज कामाचे प्रकार वाढले आहेत. ते असे :

१) एजंट. दहावी पास व वय १८ पूर्ण असले की एजन्सी घेता येते. प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते; ती मराठीतूनही देता येते. पगार नाही, कमिशन आहे. ज्या घरच्या लेकीसुनांना गाव सोडता येत नाही, त्यांनाही हे काम जमण्यासारखे आहे.

२) विकास अधिकारी व कार्यालयीन अधिकारी. यासाठी पदवी लागते आणि स्पर्धा परीक्षा असते. महामंडळाच्या विकास अधिकारी भरतीत एजंटांसाठी वेगळा गट ठेवलेला असतो. म्हणजे एजंटकी नीट केली, तर ती वरची पायरीही ठरते.

३) सर्व्हेअर. ट्रॅक्टर उलटला, गोदामाला आग लागली, तर नुकसान किती हे ठरवणारा माणूस. इंजिनिअरिंग डिप्लोमा झालेल्या मुलांनी इकडे जरूर पाहावे. जाणत्या सर्व्हेअरच्या हाताखाली उमेदवारी, मग परीक्षा आणि मग परवाना, असा क्रम आहे.

४) पीक विमा. भारतीय कृषी विमा कंपनी २००३ पासून काम करते. कृषी पदवीधरांना तिच्या भरतीकडे लक्ष ठेवता येईल. मात्र तालुका पातळीवरची कामे पुष्कळदा हंगामी असतात. ती कायम नोकरी समजून हातचे सोडू नये.

५) ॲक्च्युअरी. विम्याचा हप्ता किती असावा याचे गणित मांडणारा तज्ज्ञ. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देता येते. अभ्यास अवघड आणि अनेक वर्षांचा. पण गणितात डोके चालणाऱ्या मुलाने घाबरू नये.

शिक्षण नोकरी लागल्यावर थांबत नाही. मुंबईच्या भारतीय विमा संस्थेच्या लायसेन्शिएट, असोसिएटशिप व फेलोशिप अशा तीन पायऱ्यांच्या परीक्षा आहेत. त्या काम करता करता देता येतात आणि बढतीच्या वेळी उपयोगी पडतात. पुण्यात बालेवाडीला राष्ट्रीय विमा अकादमी आहे. तेथे पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो.

आता एक कडू अनुभव. माझ्या पुतण्याने एजन्सी घेतली. पहिल्या वर्षी मामा, आत्या, मेहुणे, झाडून सगळ्यांच्या पॉलिसी केल्या. कमिशन आले, मोटारसायकल आली. कोणाला हप्ता झेपेल हे त्याने पाहिले नाही आणि मीही त्याला विचारले नाही. उलट चार घरी मीच शब्द टाकला होता. तिसऱ्या वर्षी निम्मे हप्ते थकले, पॉलिसी बंद पडल्या. आत्याचे भरलेले पैसे अडकले. ती आजही आमच्या घरी जेवायला बसत नाही. यात दोष विम्याचा नव्हता, आमच्या घाईचा होता.

आपल्या भाषेत सांगायचे तर पहिल्या वर्षाचे कमिशन ही लागण आणि पुढचे नूतनीकरणाचे कमिशन हा खोडवा. खोडव्याचा उतारा कमी, पण पाचट ठेवले, खत-पाणी वेळेवर दिले, तर तो घर चालवतो. लागण तोडून रान सोडून दिले तर हाती काय राहणार? ज्याचे बिल वर्षातून एकदा येते, त्याला दरमहाचा हप्ता सांगू नये. वार्षिक हप्ता बिलाच्या वेळी येईल असा बसवावा. कोणता धोका विम्यात बसत नाही, हे सही घेण्याआधी सांगावे. आणि घरात माणूस गेल्यावर दाव्याचे कागद घेऊन पहिल्यांदा आपण दारात जावे. असा एक दावा मिळवून दिला की गाव एजंटला ओळखते.

मुलाला या धंद्यात घालण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : दोन वर्षे तुटपुंज्या कमाईवर निभेल का, नकार ऐकण्याची तयारी आहे का, आणि हिशेबात तो चोख आहे का. तिन्हींचे उत्तर होय असेल तर खुशाल पाठवा. नाही असेल, तर नात्यातल्यांच्या पॉलिसी करून दिवस काढू देऊ नका. आमची आत्या परत जेवायला आली, की मी तुम्हाला कळवीनच.

— ऊस विकास अधिकारी