हात देऊ नका

लेक बाळंतपणाला माहेरी यायच्या महिनाभर आधी आई खोली तयार करून ठेवते. बाज कुठं टाकायची, शेगडी कुठं, डिंक कुठून आणायचा, बघायला येणाऱ्यांना कितव्या दिवशी आत सोडायचं, हे सगळं पिढ्यान् पिढ्यांचं ठरलेलं. छाती उघडून केलेल्या ऑपरेशनला अशी काही रीत नाही. माझ्या बायपासच्या वेळी आम्ही पैशांची जुळवाजुळव केली, रक्त देणारे चार जण गाठून ठेवले, दवाखान्यात रात्री कुणी थांबायचं याच्या पाळ्या लावल्या. आठव्या दिवशी मी घरी आले, तर घर होतं तसंच. पलंग गुडघ्याच्या खाली, संडास उकिडवं बसायचा, पाणी अंगणातल्या टाकीत आणि ओट्यावर माझी वाट बघत बसलेला पाच लिटरचा कुकर.

मी पैठणची. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. घर जुन्या गावात, संत एकनाथांच्या गावातल्या मंदिरापासून, म्हणजे नाथवाड्यापासून, जवळ, गल्ली अशी की रिक्षासुद्धा कोपऱ्यावर थांबते. २०२५ ची महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती. दुसऱ्या दिवशी छत्रपती संभाजीनगरला माझं ऑपरेशन झालं. तीन रक्तवाहिन्या तुंबलेल्या. पायातली शीर काढून हृदयावर जोडायची ही पद्धत रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या डॉक्टरांनी १९६७ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला बसवली, हे मी आधी वाचून ठेवलं होतं. मास्तरीण ना! हृदयाचं सगळं पाठ केलं आणि हाडाचा धडा तसाच सोडला.

तो हाडाचा धडा असा. हृदयापर्यंत जायला छातीचं मधलं हाड वरपासून खालपर्यंत करवतीनं उभं कापतात आणि काम झालं की पोलादी तारांनी आवळून बांधतात. म्हणजे हे एक मोडलेलं हाडच. पाय मोडला तर प्लास्टर असतं आणि माणूस आपोआप जपतो. छातीला प्लास्टर घालता येत नाही, कारण श्वास तर दिवसरात्र चालूच असतो. ते हाड धरायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पुरतं घट्ट व्हायला तीन महिन्यांच्या आसपास. वरची जखम मात्र पंधरा दिवसांत छान सुकते. तिथंच माणूस फसतो. मीही फसले.

घरी येण्यापासूनच सांगते. संभाजीनगर ते पैठण अंतर ५० किलोमीटरच्या आसपास. चितेगाव, बिडकीन, ढोरकीन. एरवी तासाभराचा रस्ता. त्या दिवशी प्रत्येक गतिरोधक मी नावानिशी मोजला. गाडीत मागच्या सीटवर बसावं, पट्टा लावावा आणि पट्टा व छाती यांच्या मध्ये उशी धरावी, हे मला शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोनं सांगितलं, म्हणून निभावलं. ती उशी पुढं तीन महिने माझ्या कुशीत होती. जुन्या लुगड्याच्या घड्या घालून, वरून टाके मारून घट्ट शिवलेली, तान्ह्या बाळाएवढी. मऊ फुसकी उशी कामाची नाही. खोकला आला, शिंक आली की ती दोन्ही हातांनी छातीवर दाबून धरायची. खोकला दाबू मात्र नये. कफ आत राहिला तर फुप्फुसात जंतुसंसर्ग होतो. दवाखान्यातून तीन गोळ्यांचं श्वास ओढायचं खेळणं देतात, तेही घरी आलं की कपाटात टाकायचं नसतं. जागं असताना दर तासाला दहा वेळा. माझा नातू म्हणायचा, "आजी, तिसरी गोळी उडव ना!" त्याच्यामुळं माझा एकही तास चुकला नाही.

खोकल्यावरून आठवलं. घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी सुनेनं सुक्या मिरच्यांची फोडणी दिली. आमचं स्वयंपाकघर आणि मधली खोली यांच्यात नुसता पडदा. ठसका असा लागला की छाती दुभंगते की काय वाटलं. बिचारी रडायला लागली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं. फोडणी, उदबत्ती, झाडताना उडणारी धूळ, शेंगदाणे पाखडणं: पेशंटची खोली ठरवताना वारा कुठून कुठं वाहतो ते आधी बघा.

आता मूळ गोष्ट.

दरवर्षी नाथषष्ठीला बीड जिल्ह्यातल्या एका गावची दिंडी आमच्या वाड्यात उतरते. सासऱ्यांच्या वडिलांपासूनचा शिरस्ता. फाल्गुन वद्य षष्ठी, नाथमहाराजांनी १५९९ मध्ये गोदावरीत देह ठेवला तो दिवस, २०२५ ला २० मार्चला आली. माझा एकविसावा दिवस. मुलगा म्हणाला, "आई, या वर्षी त्यांना नाही म्हणू." मी ऐकलं नाही. षष्ठीला दारातून वारकरी परत पाठवायचा? आणि खरंच, त्या लोकांनी मला काडी उचलू दिली नाही. पाणी त्यांनी भरलं, पिठलं-भाकरी त्यांनी केली. मी ओसरीत बुटक्या वेताच्या खुर्चीवर बसून होते. दिंडीतल्या मावशी, सत्तरीच्या पुढच्या, सगळा रस्ता पायी आलेल्या, माझ्यापुढं उभ्या राहिल्या. "ऊठ माय, पंगत बसली," असं म्हणून त्यांनी हात पुढं केला. मी तो धरला. त्यांनी ओढलं.

कट्.

वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज. दुखलं नंतर. मग श्वास घेतला की आत काहीतरी एकमेकांवर घासल्यासारखं व्हायचं. आणि खरा गाढवपणा मी पुढं केला: कुणाला बोलले नाही. घरात चाळीस माणसं, अष्टमीला काला, कशाला सगळ्यांच्या जिवाला घोर! दिंडी गेल्यावर चौथ्या दिवशी यांना सांगितलं. एक्स-रेत एक तार तुटलेली निघाली. पू नव्हता, ताप नव्हता, म्हणून पुन्हा ऑपरेशन टळलं. पण छातीचा पट्टा आला आणि सहा आठवड्यांची मोजणी पहिल्या दिवसापासून परत सुरू झाली. डॉक्टर एवढंच म्हणाले, "आवाज आला त्या दिवशी का नाही आलात?" मी वर्गात मुलांना विचारायचे तसंच विचारलं त्यांनी. मला उत्तर देता आलं नाही.

आपल्याकडं आधार देणं म्हणजेच हात देणं. पडलेल्याला आपण हात देतो. पण छाती कापलेल्या माणसाला हात द्यायचा नाही, आणि त्यानं मागायचाही नाही. हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढलं की सगळा ताण थेट त्या कापलेल्या हाडावर येतो. द्यायचा तो पाठीला आधार, खांद्यांच्या मागून. पेशंटनं उशी छातीशी धरायची, खुर्चीच्या कडेला सरकायचं, पाय मागं घ्यायचे, पुढं झुकायचं आणि मांड्यांच्या जोरावर उठायचं. झोपलेलं असेल तर अख्खं अंग एकदम कुशीवर, पाय खाटेखाली सोडायचे आणि पायांच्या वजनानंच धड वर येऊ द्यायचं. हे ऑपरेशनच्या आधी शिका. छाती धड असताना दहा दिवस रोज वीस वेळा हातांशिवाय उठून बसून बघा. मांड्या तयार होतात आणि आपला पलंग किती बुटका आहे तेही कळतं. आम्ही नंतर पलंगाच्या पायांखाली दोन-दोन विटा घातल्या. आधी घालायला काय हरकत होती? काहीही नाही.

कमोडची खुर्ची भाड्यानं मिळते, विकतही फार महाग नाही. उकिडवं बसून उठणं पहिले दोन महिने होत नाही, आणि कुंथणंही चालत नाही. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट घट्ट होतं. त्यावर काय घ्यायचं ते डॉक्टरांना लाज न बाळगता विचारा आणि डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

वजनाचं. "दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही," असं मला बजावलं होतं. कुणाला तीन सांगतात, कुणाला चार. मी मान डोलावली. पण घरातली कुठली वस्तू किती किलोची हे कुठल्या बाईला ठाऊक असतं? तार तुटल्यानंतर दवाखान्यातून दुसऱ्या खेपेला घरी आल्यावर यांनी काटा आणला आणि आम्ही एकेक वस्तू चढवली. पाण्यानं भरलेला तांब्या, सव्वा किलो: चालेल. वरणभात लावलेला कुकर, साडेचार. पाण्याची कळशी, आठ. ओली चादर पिळायला घेतली की हात थांबवा, कारण पिळण्यात वजनापेक्षा जोर असतो. ज्वारीचं पीठ मळणं आणि भाकरी थापणं तर सगळं छातीच्याच बळावर. दरवर्षी तुकाराम बीजेला नाथवाड्यातला रांजण भरायला सुरुवात होते, तेव्हा मी घागर घेऊन जाते. त्या वर्षी ते राहूनच गेलं होतं. आता काट्यावर ती घागर नुसती बघितली आणि बाजूला ठेवली. त्या संध्याकाळी कारण नसताना खूप रडले. असं रडू येणं, रात्री विचित्र स्वप्नं पडणं, चिडचिड होणं या ऑपरेशननंतर पुष्कळांना होतं, हे मला आधी माहीत असतं तर मी स्वतःला खुळी समजले नसते.

पुरुषांना बायपासनंतर आराम मिळतो. बाईला घरच आराम देत नाही, आणि खरं सांगायचं तर ती घेतही नाही. म्हणून दवाखान्यात जायच्या आधीच, पायांवर उभ्या असताना, घर दुसऱ्याच्या हवाली करा. डबे कमरेच्या उंचीला आणून ठेवा. वरच्या फळीला हात लावायचा नाही. यांना मी भाकरी शिकवली, पण ऑपरेशननंतर, खुर्चीत बसून सूचना देत. त्या भाकऱ्यांचे आकार बघून हसू यायचं आणि हसलं की छाती दुखायची.

बायकांच्याच अडचणीची एक गोष्ट, जी कुणी बोलत नाही. छाती जड असेल तर तिच्या ओढीनं टाक्यांवर ताण येतो आणि स्तनांखाली घाम साचून जखम चिघळते. फाल्गुन-चैत्रात आमच्याकडं ऊन काय असतं ते सांगायला नको. पुढून बंद होणारी, तार नसलेली, मऊ सुती अंतर्वस्त्रं आणि पुढून बटणं असलेले गाऊन आधीच घेऊन ठेवा. डोक्यावरून कपडा घालणं जमत नाही.

औषधांत माझी आणखी एक फजिती झाली. रक्तदाबाची जुनी गोळी डब्यात होती, ती सवयीनं चालू राहिली. नव्या कार्डावर वेगळ्या कंपनीची, वेगळ्या नावाची गोळी होती. औषध एकच. आठवडाभर दोन्ही घेतल्या. एके सकाळी न्हाणीत डोळ्यांपुढं अंधार आला, नाडी मोजली तर ४४. चूक थोडी थोडी सगळ्यांचीच. जुना गोळ्यांचा डबा डिस्चार्जच्या दिवशी दवाखान्यात घेऊन जा, कुठली चालू, कुठली बंद ते एकेका पाकिटावर लिहून घ्या आणि बंद झालेल्या घरात ठेवू नका. आणि रक्त पातळ ठेवायची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन होणार असेल, तर घरी गेल्यावरच्या औषधांचं काय, हे तिथल्या आरोग्यमित्राला भरती होतानाच विचारून घ्या.

बघायला येणाऱ्यांचं काय करायचं, यावर मला नीटसं उत्तर सापडलेलं नाही. माणसं येतात, डिंकाचे लाडू आणतात, लोणचं आणतात, खाटेवर टेकतात, पोरांना सर्दी असते. डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' मला तिघांनी भेट दिलं. पुस्तक चांगलं आहे, पण एक प्रत पुरते. शेवटी मी फळ्यावर लिहायच्या अक्षरात एक कागद लिहून दारावर चिकटवला. वरची ओळ: हात देऊ नका, पाठीला आधार द्या. खाली: सर्दी-खोकला असेल त्यांनी खिडकीतून बोलावं. त्याखाली घरच्यांसाठी, आजारी माणूस लपवतं म्हणून: ताप १००.४ च्या वर, जखमेतून पाणी किंवा पू, छातीत कट् आवाज, वजन दोन दिवसांत दीडेक किलो वाढणं, शीर काढलेल्या पायाची पोटरी लाल-गरम होणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी फोन. छातीत दाबल्यासारखं दुखलं किंवा धाप लागली, तर फोनाफोनी न करता १०८. गल्लीत गाडी येत नाही, म्हणून खुर्चीवरून कोपऱ्यापर्यंत कोण नेणार त्या दोन शेजाऱ्यांची नावंही लिहिली होती. त्यांना तसं विचारूनही ठेवलं होतं.

कमोडची खुर्ची आता आमच्याकडं नाही. मागच्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतल्या एकांची बायपास ठरली, तेव्हा भरती व्हायच्या आठवडाभर आधी ती त्यांच्याकडं पोचवली. सोबत उशी, वजनाचा काटा आणि तो कागद. विटा मात्र म्हटलं, तुमच्या तुम्ही बघा.